‘कोण करून दाखवेल?’ : प्राध्यापक लीझेलोट डीम यांच्याविषयी

१९६७ साली कोलोनच्या क्रीडाविद्यापीठाची सूत्रे लीझेलोट डीम यांच्या हाती आली. संस्थेच्या स्थापनेला तेव्हा वीस वर्षे होत होती आणि या वीस वर्षांत रेक्टरच्या, म्हणजे कुलगुरूच्या, खुर्चीवर एकही स्त्री बसलेली नव्हती. पश्चिम जर्मनीत विद्यापीठाचे नेतृत्व स्त्रीकडे जाणे हीच मुळात नवी गोष्ट होती. हायडेलबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ मार्गोट बेके-ग्योरिंग यांची रेक्टर म्हणून निवड जेमतेम एक वर्ष आधी, १९६६ मध्ये झाली होती. डीम यांचे नाव जर्मनीतही बहुधा त्यांच्या पतीच्या, क्रीडासंघटक कार्ल डीम यांच्या नावाला जोडूनच घेतले जाते, आणि ते नाव वादग्रस्त असल्यामुळे बोलणे लगेच त्या वादाकडे वळते. तो वाद टाळावा असे मला वाटत नाही आणि पुढे मी त्याबद्दल लिहिणारच आहे. पण शाळेच्या मैदानावर लहान मुलांना शिकवणाऱ्या आणि अशा शिक्षकांना घडवणाऱ्या माझ्यासारख्यांना लीझेलोट डीम यांची कारकीर्द स्वतंत्रपणे पाहण्यासारखी वाटते. मुलाला हालचाल शिकवायची म्हणजे नेमके काय करायचे, या एकाच प्रश्नाभोवती ती सारी कारकीर्द उभी आहे.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०६ रोजी वीसबाडेन येथे झाला. माहेरचे आडनाव बाइल. १९२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, त्या बर्लिनला शारीरिक शिक्षणाच्या उच्चशिक्षण संस्थेत दाखल झाल्या. ही संस्था समजून घेतल्याशिवाय त्यांची पुढची वाटचाल नीट उमगत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. ती १९२० मध्ये स्थापन झाली. पहिले महायुद्ध हरलेल्या जर्मनीत सक्तीची लष्करसेवा बंद झाली होती आणि तरुणांच्या शरीरसंवर्धनाची जबाबदारी आता कुणी घ्यायची, हा प्रश्न राजकारण्यांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना पडला होता. संस्थेचे पहिले रेक्टर आउगुस्ट बीअर हे शल्यचिकित्सक होते; पाठीच्या कण्यात भूल देण्याची पद्धत १८९८ मध्ये सुरू करणारे तेच बीअर. रोजचा कारभार मात्र उपरेक्टर कार्ल डीम यांच्याकडे होता. १९१६ च्या रद्द झालेल्या ऑलिंपिकसाठी बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड भागात जे स्टेडियम बांधले होते, तेच या संस्थेचे घर बनले. खेळाचा अभ्यास विद्यापीठीय पातळीवर, शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि अध्यापनशास्त्र यांच्या जोडीने करायचा, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती. जुन्या विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या दृष्टीने मैदान हे विचार करण्याचे ठिकाण नव्हतेच. कार्ल डीम यांच्याकडेही रीतसर मिळवलेली विद्यापीठीय पदवी नव्हती. बर्लिन विद्यापीठाने १९२१ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. जी संस्था विद्वत्तेच्या दारात उभी होती पण आत घेतली जात नव्हती, अशा संस्थेत लीझेलोट बाइल शिकल्या, आणि त्या दाराशी चाललेला झगडा त्यांच्या निवृत्तीपर्यंत संपला नाही.

१९२७ मध्ये पदविका घेऊन त्या तेथेच शिकवू लागल्या. वय एकवीस, विषय स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स. पुढच्याच वर्षी, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच ॲथलेटिक्समध्ये उतरता आले आणि ८०० मीटरचे सुवर्णपदक लीना राडके या जर्मन धावपटूने जिंकले. शर्यतीनंतर काही धावपटू थकून मैदानावर बसल्या, त्यावरून वृत्तपत्रांनी असा गहजब केला की स्त्रियांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली आणि ती परत यायला १९६० साल उजाडावे लागले. स्त्रीच्या शरीराला काय झेपते, याचा निर्णय स्त्रियांना न विचारता होत असे. अशा काळात एक तरुण शिक्षिका बर्लिनमध्ये भावी क्रीडाशिक्षिकांना तयार करत होती, ही गोष्ट मला पदके आणि विक्रम यांपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

१९३० मध्ये त्यांनी कार्ल डीम यांच्याशी लग्न केले. ते त्यांच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठे होते आणि ज्या संस्थेत त्या शिकवत, तिचे प्रमुख सूत्रधारही होते. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत कोणते श्रेय कुणाचे, असा प्रश्न वारंवार विचारला गेला त्याचे मूळ इथे आहे. मात्र अध्यापनपद्धतीच्या बाबतीत त्यांनी जे उभे केले, ते पतीच्या कामाहून निराळ्या जातीचे आहे. कार्ल डीम हे संघटक होते, सोहळे आणि संस्था उभारणारे होते. लीझेलोट यांचे लक्ष एका वर्गावर, एका मुलावर आणि त्याच्या पुढच्या हालचालीवर असे.

त्यांच्या विचाराचे मोल कळण्यासाठी जर्मनीतील जुन्या पद्धतीकडे वळावे लागते. फ्रीडरिख लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहायडे मैदानावर तरुणांना झाडांवर, दांड्यांवर, लाकडी घोड्यांवर व्यायाम करायला शिकवले, तेव्हा त्यात बराच मोकळेपणा होता. पण त्यामागे राष्ट्रवादी चळवळ असल्यामुळे प्रशियाच्या राज्यकर्त्यांनी १८२० मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १८४२ पर्यंत टिकली. बंदी उठल्यावर व्यायाम शाळेत आला तो मात्र वेगळ्याच रूपात. आडोल्फ श्पीस यांनी त्याला शिस्तीच्या चौकटीत बसवले: रांगा, हुकूम, ठेका, सर्वांनी एकाच वेळी एकच हालचाल. मोठा वर्ग, छोटी जागा, थोडी साधने आणि आज्ञाधारक नागरिक हवे असलेले राज्य, या सर्वांच्या सोयीची ही पद्धत होती. ती जगभर पसरली, आणि आपल्याकडच्या शाळांतील सावधान-विश्राम व साधनकवायत यांच्याशी तिचे साम्य चटकन ओळखू येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या पद्धतीला दोन बाजूंनी धक्के बसू लागले. व्हिएन्नात कार्ल गाउलहोफर आणि मार्गारेटे श्ट्राइखर यांनी ठासून सांगितले की सांध्यांच्या आणि स्नायूंच्या तुकड्यातुकड्यांच्या व्यायामांतून मूल घडत नाही. चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, ओझे वाहणे अशा संपूर्ण आणि स्वाभाविक हालचालींपासून सुरुवात केली पाहिजे. दुसरीकडे जर्मनीत जिम्नॅस्टिक्सची एक निराळीच चळवळ चालू होती. बेस मेन्सेंडीक, रुडोल्फ बोडे, हिनरिख मेडाऊ अशा अध्यापकांच्या शाळांतून प्रामुख्याने स्त्रिया शिकत होत्या, आणि श्वास, लय, शरीराची स्वतःची जाण यांवर तिथे भर होता. नृत्य आणि व्यायाम यांच्या मधली सीमा तिथे पुसट झाली होती. लीझेलोट डीम या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभ्या होत्या. मुलाच्या स्वाभाविक हालचालीवरचा विश्वास त्यांना व्हिएन्नाशी जोडतो, चेंडू, दोरी, रिंग अशा हलक्या साधनांची ओढ त्यांना स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्सशी जोडते; आणि या दोहोंतून वर्ग प्रत्यक्ष कसा चालवायचा, याची रीत त्यांनी स्वतः घडवली.

ती रीत अशी. शिक्षकाने व्यायामाचे नाव सांगायचे नाही, आधी करून दाखवायचे नाही आणि हुकूमही द्यायचा नाही. त्याने मुलांसमोर एक काम ठेवायचे आणि ते प्रश्नाच्या रूपात ठेवायचे. लाकडी बाक मध्ये ठेवला आहे: हात न लावता पलीकडे कोण जाऊन दाखवेल? पाय जमिनीला न टेकवता या टोकापासून त्या टोकापर्यंत कोण जाईल? आणखी निराळ्या तऱ्हेने कुणाला जाता येईल? एक मूल पोटावर सरपटत जाते, दुसरे घोड्यावर बसल्यासारखे बसून हातांनी स्वतःला पुढे ढकलते, तिसरे चवड्यांवर चालते, चौथे मागे मागे चालत जाते. कुणाचेच चुकलेले नसते, कारण काम पुरे झाले की नाही हे बाकच सांगतो. त्यानंतर शिक्षकाचे खरे कौशल्य सुरू होते. त्याने मुलांच्या उत्तरांतून एखादे उत्तर उचलून सर्वांना दाखवायचे, त्यातली अडचण किंचित वाढवायची, जागा बदलायची, साधन बदलायचे, आणि ज्याला जमत नाही त्याच्यासाठी तोच प्रश्न सोपा करून विचारायचा.

वरवर पाहता ही पद्धत सैल वाटते, आणि मुलांना मोकळे सोडून देणे म्हणजे शिकवणे नव्हे, असा आक्षेप त्यावर सहज घेता येतो. माझ्या मते हा आक्षेप वर्ग न पाहता घेतलेला असतो. हुकुमाच्या पद्धतीत शिक्षकाला एकच गोष्ट ठाऊक असावी लागते: ठरलेला व्यायाम. प्रश्नाच्या पद्धतीत त्याला प्रत्येक साधनातून निघू शकणाऱ्या हालचाली, त्यांतील सोप्या-अवघडाचा क्रम, पडण्याचा धोका कुठे आहे आणि कुठे नाही, तसेच समोरच्या तीस मुलांपैकी कोण कुठे अडले आहे, हे सारे एका वेळी पाहावे लागते. प्रश्न फार मोकळा ठेवला तर मुले गोंधळतात, फार अरुंद ठेवला तर तो पुन्हा हुकूमच होतो. या दोन टोकांच्या मधली जागा सापडायला वर्षे लागतात. डीम यांनी या पद्धतीवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक साध्या चित्रांनी आणि ‘कोण करून दाखवेल?’ अशा प्रश्नांनी भरलेले आहे, ते इंग्रजीतही गेले. नृत्य आणि हालचालीचे अभ्यासक रुडोल्फ लाबान यांच्या प्रभावाखाली प्राथमिक शाळांतील कवायत मागे सारून हालचालीचे शिक्षण सुरू करणाऱ्या ब्रिटनमधील शिक्षकांना ते आपलेसे वाटावे, यात नवल नाही. ही पद्धत तंत्र शिकवायला पुरी पडत नाही, हे मात्र मान्य करायला हवे. पोलव्हॉल्ट किंवा फुलपाखरू पद्धतीचे पोहणे कुणी केवळ प्रश्नांतून शिकत नाही. डीम यांचा भर मुख्यतः लहान वयावर होता आणि तिथे तो योग्यच होता.

आता १९३३ कडे वळतो. नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिनमधील संस्थेचे जुने रूप संपले. कार्ल डीम यांना तिथून दूर करण्यात आले आणि लीझेलोट यांचे अध्यापनही थांबले. तरीही कार्ल डीम १९३६ च्या ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे सरचिटणीस राहिले. ग्रीसमधील ऑलिंपियापासून बर्लिनपर्यंत मशाल धावत आणण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती त्यांनीच. १ ऑगस्ट १९३६ च्या रात्री स्टेडियममध्ये झालेला ‘ऑलिंपिक युवक’ हा भव्य सोहळाही त्यांनीच रचला होता. त्याला कार्ल ऑर्फ आणि वेर्नर एक यांचे संगीत होते, मारी विग्मान, ग्रेट पालुका, हाराल्ड क्रॉइट्सबेर्ग या नर्तकांचा सहभाग होता, आणि मुलांच्या नृत्यांमागे म्युनिकच्या डोरोथे ग्युंटर यांची शाळा होती. विसाच्या दशकात मोकळ्या हालचालीसाठी झटलेली कितीतरी माणसे त्या रात्री एका हुकूमशहाच्या शोभायात्रेत सामील झाली. त्या सोहळ्याचा शेवट वीरांच्या लढाईने आणि मृतांसाठीच्या विलापाने होतो, हे वाचले की आजही अंगावर काटा येतो.

त्या बर्लिनशी महाराष्ट्राचाही एक खरा धागा जुळलेला आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये तिथे गेले होते आणि कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने युरोपीय प्रेक्षकांसमोर सादर केली. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान रास्तच आहे. त्या पथकासमोर जे बर्लिन होते ते कोणी आणि कशासाठी सजवले होते, हेही त्यासोबत सांगितले गेले तर इतिहास अधिक पुरा होईल असे मला वाटते.

युद्ध सुरू झाल्यावर कार्ल डीम नाझी क्रीडासंघटनेच्या परराष्ट्र विभागाचे काम पाहत राहिले. लीझेलोट यांच्यासाठी ही घर आणि मुले सांभाळण्याची वर्षे होती. १९४५ च्या वसंतात बर्लिन कोसळताना त्या शहरातच होत्या आणि त्या दिवसांविषयी त्यांनी पुढे लिहिले.

१९४७ मध्ये कोलोन शहर ढिगाऱ्यांतून वाट काढत होते. ते ब्रिटिश ताब्यातील विभागात होते, आणि ब्रिटिश प्रशासनाच्या व कोलोन विद्यापीठाच्या पाठिंब्याने तिथे नवे क्रीडाविद्यापीठ उघडण्याचे ठरले. जागा म्युंगर्सडोर्फ स्टेडियमच्या परिसरात मिळाली. कोनराड आडेनाउअर महापौर असताना, १९२३ मध्ये, जुन्या प्रशियन तटबंदीच्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यात उभे राहिलेले हे स्टेडियम. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अध्यापन सुरू झाले. कार्ल डीम रेक्टर झाले आणि १७ डिसेंबर १९६२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. लीझेलोट डीम पहिल्या दिवसापासून अध्यापक होत्या. बर्लिनमध्ये तुटलेले त्यांचे काम चौदा वर्षांनंतर पुन्हा सुरू झाले, आणि यापुढे ते खंडित झाले नाही. युद्धातून परतलेले तरुण, वडील गमावलेली मुले, साधनांचा तुटवडा अशा परिस्थितीत बाक, दोरी आणि चेंडू यांवर भागणारी त्यांची पद्धत व्यवहारालाही धरून होती. मला मात्र त्यामागे आणखी एक कारण दिसते. बारा वर्षे हुकुमावर चालायला शिकवलेल्या देशात मुलाला ‘तू कसे करशील?’ असे विचारणे, याला मैदानापलीकडचा अर्थ होता. त्यांनी स्वतः त्याला राजकीय भूमिकेचे रूप दिले नाही. मी ते माझे वाचन म्हणून मांडतो आहे.

पन्नाशी ओलांडल्यानंतर त्यांच्या कामाचा परीघ जर्मनीबाहेर विस्तारत गेला. मुली आणि स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना १९४९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेतून आकाराला आली होती. अमेरिकेतील स्मिथ महाविद्यालयाच्या डोरोथी एन्सवर्थ तिच्या पहिल्या अध्यक्ष आणि फ्रान्सच्या मारी-तेरेझ एकेम दुसऱ्या. १९६५ च्या कोलोन परिषदेत हे पद डीम यांच्याकडे आले आणि १९८१ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, त्यांनी ते सांभाळले. युद्धानंतर अवघ्या वीस वर्षांत एका जर्मन स्त्रीला अशा संघटनेने अध्यक्ष निवडले, यामागे त्यांच्या कामाबद्दलचा आदर होता हे उघड आहे. ऑलिंपियातील आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक अकादमीतही, जिची स्थापना १९६१ मध्ये कार्ल डीम आणि ग्रीसचे इओआनिस केत्सेआस यांच्या प्रयत्नांतून झाली, त्या व्याख्याने देत असत.

प्राध्यापक हे पद त्यांना साठच्या दशकाच्या मध्यात मिळाले. म्हणजे पदविका घेतल्यापासून सुमारे अडतीस वर्षांनी. या विलंबाचे कारण केवळ त्यांचे स्त्री असणे नव्हते. त्यांचा विषयच तोवर विद्यापीठांच्या उंबरठ्यावर ताटकळत होता. खेळाचे शिक्षक तयार करणाऱ्या संस्था होत्या, पण त्या विषयात डॉक्टरेट देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. संशोधन करायचे तर तत्त्वज्ञान, मानसशास्त्र किंवा वैद्यक यांच्या आश्रयाने करावे लागे. ट्युबिंगेनमध्ये ओम्मो ग्रुपे यांच्यासारखे तरुण अभ्यासक याच सुमारास शारीरिक शिक्षणाला तात्त्विक पाया देऊ पाहत होते आणि १९६९ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाने त्या चर्चेला दिशा दिली. ग्रुपे यांची पिढी ग्रंथालयातून मैदानाकडे आली, डीम मैदानातून विद्यापीठाकडे गेल्या. जर्मनीतील क्रीडाशिक्षणशास्त्राला या दोन्ही वाटांची गरज होती, पण शास्त्र म्हणून मान्यता मिळाल्यावर दुसरी वाट हळूहळू विस्मरणात गेली असे मला वाटते आणि त्याचे वाईटही वाटते.

१९६७ ते १९६९ हा त्यांच्या रेक्टरपदाचा काळ म्हणजे पश्चिम जर्मनीच्या विद्यापीठांतील विद्यार्थी आंदोलनांचा काळ. प्राध्यापकांच्या सत्तेवर, अभ्यासक्रमांवर आणि विशेषतः नाझी काळाबद्दल आधीच्या पिढीने बाळगलेल्या मौनावर तरुण प्रश्न विचारत होते. कोलोनचे क्रीडाविद्यापीठ त्याच वेळी पूर्ण विद्यापीठीय दर्जासाठी प्रयत्नशील होते. १९७० मध्ये तो दर्जा आणि डॉक्टरेट देण्याचा अधिकार या संस्थेला मिळाला, तेव्हा डीम रेक्टरपदावरून उतरल्या होत्या. पण बर्लिनमध्ये १९२० साली जी मागणी सुरू झाली होती ती पुरी होताना पाहणाऱ्या मोजक्या अध्यापकांपैकी त्या एक होत्या.

पतीच्या निधनानंतर त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले: पतीची कागदपत्रे जपणे आणि त्यांचे लेखन प्रसिद्ध करणे. हे काम त्यांनी निष्ठेने केले आणि त्यामुळेच त्या अडचणीतही आल्या. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीवरील नामांकित पत्रकार राइनहार्ट आपेल यांनी आपली आठवण जाहीरपणे सांगितली की १८ मार्च १९४५ रोजी, युद्ध हरल्यातच जमा असताना, कार्ल डीम यांनी बर्लिनच्या क्रीडासंकुलात हिटलर युवक संघटनेतील मुलांसमोर भाषण केले आणि प्राचीन ग्रीसमधील लढाऊ स्पार्टाचा दाखला देत त्यांना प्राणार्पणाचे आवाहन केले. ऐकणाऱ्यांत आपेल स्वतः होते. त्यानंतर कार्ल डीम यांच्या नावाचे रस्ते आणि सभागृहे यांवरून शहराशहरांत वाद झाले. वुर्झबुर्गमधील सभागृहाचे नाव २००४ मध्ये बदलले, आणि कोलोनमध्ये क्रीडाविद्यापीठाच्या परिसरातील रस्त्याचे नावही २००८ मध्ये बदलण्यात आले. लीझेलोट डीम २५ एप्रिल १९९२ रोजी वारल्या. तोपर्यंत त्या पतीच्या बाजूनेच उभ्या राहिल्या.

या ठिकाणी मला त्यांचा बचाव करता येत नाही. ज्या शिक्षिकेने आयुष्यभर मुलाच्या स्वतंत्र हालचालीवर विश्वास ठेवला, तिने मुलांना मरणाकडे पाठवणाऱ्या शब्दांविषयी अधिक कठोरपणे बोलायला हवे होते, असे मी मानतो. पत्नी म्हणून त्यांची निष्ठा समजू शकते. पण त्या संस्थेच्या माजी रेक्टर होत्या, जगभरातील शिक्षिकांच्या अध्यक्ष होत्या, आणि त्या नात्याने त्यांच्या बोलण्याची अपेक्षा वेगळी होती. तरीही या एका बाबीमुळे बाकावरून जाणाऱ्या मुलाविषयीचे त्यांचे निरीक्षण खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच त्यांच्याविषयी लिहिले पाहिजे. आज कोलोनमधील संग्रहात पती-पत्नी दोघांचीही कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली आहेत, हे त्या दृष्टीने चांगलेच झाले.

त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा मला सर्वांत रोचक वाटतो. सत्तरच्या दशकात, म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि त्यानंतर, त्या आणखी लहान मुलांकडे वळल्या. शाळेत येण्यापूर्वीच मुलाच्या हालचालींचा बराचसा पाया घातला गेलेला असतो, मग आपण सुरुवात इतकी उशिरा का करतो, हा त्यांचा प्रश्न होता. कोलोनमध्ये काही महिन्यांच्या तान्ह्या मुलांना कोमट पाण्यात, आई किंवा वडील सोबत असताना, पोहण्याचे आणि पाण्यात खेळण्याचे वर्ग सुरू झाले. पाण्यात मुलाचे वजन जाणवेनासे होते. जमिनीवर ज्याला अजून उठून बसताही येत नाही, ते पाण्यात हात-पाय मारून स्वतःच्या बळावर जागा बदलू शकते. वयाच्या पहिल्या वर्षात, आपल्या हालचालीने काहीतरी घडते, हा अनुभव मुलाला मिळावा, हे त्यामागचे गमक होते. बाकापलीकडे जाण्याचा प्रश्नच इथे शब्दांवाचून विचारला जात होता.

डीम यांनी केवळ वर्ग चालवून समाधान मानले नाही. मानसशास्त्रज्ञ उर्सुला लेअर, एर्हार्ड ओल्ब्रिख आणि उडो उंडॉइच यांच्यासह त्यांनी अनेक वर्षे चाललेला अभ्यास हाती घेतला. तान्हेपणीच पाण्यातील वर्गांना येऊ लागलेली मुले, नंतर सुरुवात केलेली मुले आणि असे प्रशिक्षण न मिळालेली मुले, यांचा विकास चौथ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान पुन्हा पुन्हा तपासण्यात आला. केवळ तोल, उडी, चेंडू पकडणे एवढेच पाहिले नाही. इतर मुलांत मिसळणे, अपरिचित प्रसंगाला सामोरे जाणे, स्वतःवरचा भरवसा हेही पाहिले. लवकर सुरुवात केलेल्या मुलांची स्थिती बऱ्याच बाबतींत चांगली आढळली. १९८० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा डीम सत्तरी ओलांडलेल्या होत्या. उर्सुला लेअर या पुढे वार्धक्याच्या अभ्यासासाठी जगभर ओळखल्या गेल्या आणि १९८८ ते १९९१ या काळात पश्चिम जर्मनीच्या, मग एकत्रित जर्मनीच्या केंद्रीय मंत्री होत्या. आयुष्याच्या दोन टोकांचा अभ्यास करणाऱ्या या दोन स्त्रिया एकाच प्रकल्पावर काम करत होत्या, हे मला फार समर्पक वाटते.

या अभ्यासाचे निष्कर्ष वाचताना सावध राहावेच लागते. आपल्या तान्ह्या मुलाला दर आठवड्याला पाण्यात घेऊन जाणारे आई-वडील एरवीही त्याच्याशी अधिक खेळत, बोलत असण्याची शक्यता आहे, आणि पुढे दिसलेल्या फरकात पाण्याचा वाटा किती व पालकांचा किती, हे वेगळे काढणे अशा अभ्यासात अवघड असते. पालक पाण्यात सोबत असणे हा त्या पद्धतीचाच भाग होता, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. डीम यांच्या अभ्यासाचा अर्थ ‘लवकर सुरुवात करा म्हणजे विजेता घडेल’ असा लावणाऱ्यांनी तो उलटा वाचला आहे. त्यांनी मोजले ते मुलाचे धैर्य आणि इतरांत मिसळणे. पदकांची शक्यता त्यांनी मोजलीच नाही.

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांशी माझा संबंध येतो, त्यांना मी डीम यांच्या रीतीने एक तास घ्यायला सांगतो: एक लाकडी बाक, काही दोऱ्या, मुलांच्या संख्येइतके जुने टेनिसचे चेंडू, आणि पूर्ण तासात एकही हुकूम नाही. पहिल्या काही मिनिटांत शिक्षकच अस्वस्थ होतात, कारण शिटी वाजवून रांग लावायची सवय हाताला असते. मुले मात्र लगेच कामाला लागतात. त्यानंतर शिक्षकांना लिहून काढायला सांगतो की बाकावरून पलीकडे जाण्याच्या किती तऱ्हा त्यांनी पाहिल्या, त्यांपैकी कोणत्या त्यांना स्वतःला सुचल्या नसत्या, आणि कोणत्या मुलासाठी प्रश्न पुढच्या तासाला सोपा किंवा अवघड करावा लागेल.